माझी विहीर शहरात आहे म्हणे



आधी आजची नोंद. शाळू गुडघ्याला लागलाय, खुरपणी चालू आहे. पोंग्यात अळी तुरळक दिसते, फवारणीची वेळ अजून आलेली नाही. विहीर सकाळी पावणेदोन तास चालली, मग मोटर हवा ओढायला लागली. गेल्या वर्षी याच आठवड्यात चार तास चालत होती. दोनशे डाळिंबांना दिवसाआड पाणी देतोय.

पिकाचं एवढंच. बाकीचं आज विहिरीवरनं लिहायचं आहे, कारण बरेच जण विचारतात, "दादा, रोजगार हमीतनं सिंचन विहीर का घेत नाही? साडेतीन एकराचा माणूस तू, बसतोस की नियमात." लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. आज मोटर बंद पडली तेव्हा ठरवलं.

2022 च्या शासन निर्णयानं सिंचन विहिरीचं अनुदान 4 लाखांपर्यंत नेलं. मी 2023 च्या उन्हाळ्यात कागद गोळा केले. सातबारा, आठ-अ, जॉबकार्डाची जुनी झेरॉक्स, अल्पभूधारकाचा दाखला. फाईल घेऊन गेलो. टेबलावरच्या माणसानं पहिलं पान बघितलं आणि फाईल मिटली. म्हणाला, "काका, तुमचं क्षेत्र शहरी आहे. हे होत नाही."

मी म्हटलं, "साहेब, गटात बाजरी काढून ज्वारी पेरतो मी. शहरी कसं?"

तो म्हणाला, "गटात काय आहे ते मला विचारायचंच नाही. गट कुणाच्या हद्दीत आहे ते विचारायचं."

माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. आणि नियमानं बोलत होता, हेच तर दुखणं आहे. त्यानं नियम मोडला असता तर भांडता आलं असतं.

झालं असं. आमचं गाव तालुक्याचं ठिकाण. 2014 साली राज्य सरकारनं धोरण घेतलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायच्या. आमचीही झाली. गुलाल उधळला, फटाके वाजले. खोटं कशाला सांगू, मीही पेढा खाल्ला. रस्ते होतील, दिवे लागतील, अग्निशमनची गाडी येईल, वाटलं बरंच आहे.

तेव्हा कुणी नकाशा बघितला नाही. नगरपंचायतीची हद्द म्हणजे पेठ, एसटी स्टँड आणि तहसीलची गल्ली नव्हे. जुन्या ग्रामपंचायतीची हद्द होती ती सगळीच्या सगळी उचलली. म्हणजे गावठाण तर आलंच, पण माळ, ओढा, गायरान, चार किलोमीटरवरची आमची वस्ती आणि सगळं शिवार एका रात्रीत शहर झालं. रात्री झोपलो तेव्हा शेतकरी होतो, सकाळी उठलो तेव्हा नागरी रहिवासी. बैलांना काय कळलं नाही, ती नेहमीसारखी वैरणीला हंबरली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामीण क्षेत्राची व्याख्या आहे. ती एका ओळीत सांगायची तर अशी : नागरी स्थानिक संस्था आणि कटक मंडळ यांच्या हद्दीत नाही ते सगळं ग्रामीण. बास. त्यात शेत किती, घरं किती, मजूर किती, असं काहीही नाही. कार्यालयावरची पाटी बदलली की आतला सगळा माणूस बाहेर.

त्यामुळं काय काय गेलं? सिंचन विहीर गेली. रोजगार हमीतली फळबाग गेली, शेततळं, बांधबंदिस्ती, गोठा गेला. आणि सगळ्यात आधी मजुरी गेली. माझ्याकडं खुरपायला येणाऱ्या आक्का आहेत. जमीन नाही, घरधनी नाही. दोन उन्हाळे त्यांनी पाझर तलावाच्या गाळावर काढले होते. त्यांचं जॉबकार्ड आता देवापुढं फळीवर असतं. त्या मला म्हणाल्या, "दादा, आपण शहरात गेलो म्हणत्यात, मग शहरातला पगार कधी सुरू व्हायचा?" मी काय उत्तर देणार?

आणखी एक गंमत. आमच्या गावात पंचायत समितीचं कार्यालय आहे. माझ्या वस्तीवरनं निघालं की वाटेतच लागतं. वीस-वीस किलोमीटरवरनं लोक तिथं कामं घेऊन येतात. पण आम्ही त्या पंचायत समितीत नाही. झेडपीला आमचं मत नाही, पंचायत समितीला नाही. दवाखान्यावर पाटी ग्रामीण रुग्णालयाची. तलाठ्याचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी. दवाखाना ग्रामीण, तलाठी ग्रामीण, फक्त विहीर शहरी.

कुणी म्हणेल, हे तुमच्या एका गावाचं रडगाणं झालं. नाही. मी वर्षभर याच्या मागं लागून कागद वाचतोय. दहावी पास माणूस, हळूहळू वाचतो, पण वाचतो. तर सरकारकडं 'ग्रामीण' या शब्दाला एक अर्थ नाहीच. जेवढी खाती तेवढ्या व्याख्या. ओळीनं सांगतो.

जनगणना. कायद्यानं नगर नसलेलं गावसुद्धा जनगणनेत शहर धरतात, तीन अटी पुऱ्या झाल्या तर. वस्ती किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती कामात. अशी गावं देशात 2001 ला 1,362 होती, 2011 ला 3,894 झाली. यांना जनगणना नगर म्हणतात. मजा अशी की यांतल्या बहुतेक ठिकाणी कारभार ग्रामपंचायतच बघते. म्हणजे जनगणनेत शहर आणि रोजगार हमीत गाव. आमचं बरोबर उलटं होऊ शकतं, शिवारात ज्वारी आणि कागदावर शहर.

बँक. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात 10,000 च्या आत लोकसंख्या असेल तर शाखा ग्रामीण, 10,000 ते 1 लाखाच्या आत निमशहरी, त्यापुढं शहरी आणि 10 लाखांपासून महानगरी. इथं पाटी ग्रामपंचायतीची की नगरपंचायतीची, कुणी विचारत नाही.

प्राप्तिकर. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. पण 10,000 किंवा जास्त वस्तीच्या नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीतली जमीन ग्रामीण धरत नाहीत. हद्दीबाहेरही सरळ रेषेत 2 किलोमीटरपर्यंत तेच, 1 लाखावर वस्ती असेल तर 6 किलोमीटर, 10 लाखांवर असेल तर 8. पोरीच्या लग्नाला दहा गुंठे विकणाऱ्याला हे सीए सांगतो तेव्हा कळतं, तोवर सौदा होऊन गेलेला असतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते, पण लग्नासाठी विकलेल्या पैशाची जमीन कोण घेतो?

भूसंपादन. 2013 च्या कायद्यात शहरी भागाला गुणक 1 आणि ग्रामीण भागाला 1 ते 2, किती ते राज्य ठरवतं. समजा एकराचा बाजारभाव 10 लाख धरला. गुणक 2 लागला तर 20, त्यावर तेवढंच दिलासा मूल्य, म्हणजे 40 लाख. तीच जमीन शहरी ठरली तर 10 आणि 10, 20 लाख. मातीचा कण बदलला नाही, पाटी बदलली. कुणी म्हणतं शहर झालं की भाव वाढतो. वाढतो, रस्त्याकडच्या गुंठ्यांचा वाढतो. ओढ्यापलीकडच्या मुरमाड माळाला तोच जुना भाव.

रेशन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशाचा हिशेब धरताना ग्रामीण लोकसंख्येच्या 75 टक्क्यांपर्यंत लोक घेतले, शहरी लोकसंख्येच्या 50 टक्क्यांपर्यंत. आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबाला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीणला 44,000 आणि शहरीला 59,000. इथं शहरी असण्याचा आकडा वर, आणि कोटा खाली. कोणतं आपल्या बाजूनं हे समजायला वकील लागतो.

आता यातल्या जनगणनेच्या अटीवर थोडं थांबतो, कारण तिथं खरी मेख आहे. अट काय? मुख्य काम करणारे पुरुष. बायका मोजायच्याच नाहीत. आमच्या वस्तीवर या. सकाळी सात ते अकरा रानात कोण असतं बघा. आठ बायका आणि दोन म्हातारे. पुरुष कुठं? एक दुधाच्या गाडीवर, एक टेम्पोवर, एक गवंड्याच्या हाताखाली, एक शाळेत शिपाई. जमीन त्यांच्या नावावर, पण रान चालवते बायको. मोजणीदार पुरुषाला विचारणार, मुख्य धंदा काय? तो म्हणणार, ड्रायव्हर. झालं, वस्ती बिगरशेती. खुरपं हातात असलेली आठ माणसं त्या हिशेबात कुठंच नाहीत.

दुसरं, मुख्य काम करणारा म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालेला. कोरडवाहू भागात मजुराला सहा महिने रानात काम मिळतं कुठं? पेरणी, खुरपणी, काढणी धरून चार महिने ओढूनताणून. तो सीमांत कामगार ठरतो आणि या टक्केवारीतनं गळतो. म्हणजे ज्याला काम कमी मिळतं म्हणून योजनेची गरज जास्त, तोच मोजणीतनं आधी बाहेर. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आणि हे सगळे आकडे अजून 2011 चे आहेत. 2021 ची मोजणी झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे. त्या आकड्यांवर पुढची दहा-पंधरा वर्षं चालतील. म्हणून सांगतो, मोजणीदार दारात येईल तेव्हा घरातल्या बाईला पुढं करा. "काय करते?" विचारलं तर "घरीच असते" म्हणू नका. ती रान करते हे सांगा.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी बोलतो.

शहर झाल्याचा फायदा काहीच नाही असं नाही. घरकुलाचंच बघा. ग्रामीण आवासला सपाट भागात 1 लाख 20 हजार, आणि शहरी आवासला स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. हा फरक लहान नाही. पेठेतल्या माणसाला, ज्याच्याकडं जागेचा कागद आहे त्याला मिळाला, चांगलं झालं. पण वस्तीवर रानात घर असलेल्याला बांधकाम परवानगी पाहिजे, मंजूर नकाशा पाहिजे. ते जमेपर्यंत पत्र्यावरनं दोन पावसाळे जातात.

दिवे लागले, खरं आहे. रस्ता झाला, तोही खरा. पण दिवे पेठेत लागले आणि विहीर वस्तीवरची गेली. एकाच हद्दीत दोन गावं आहेत, एक पेठेतलं आणि एक रानातलं. नगरपंचायत पेठेला मिळाली आणि तिची किंमत रानानं दिली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

गेली ती आणखी एक गोष्ट, तिचा कुणी हिशेब करत नाही. ग्रामसभा. वर्षातनं चारदा का होईना, आक्का उभी राहून विचारायची, "कामाच्या यादीत आमचा बांध का नाही?" सरपंचाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. आता सभा असते नगरसेवकांची. आक्का दाराबाहेर.

पुण्याजवळच्या मंडळींना हे नवीन नाही. 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत गेली. पुढं कराच्या बोज्यावरनं आणि सोयींवरनं एवढी ओरड झाली की फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून 2024 ला त्यांची वेगळी नगरपरिषद केली. तिकडं कोल्हापूरच्या हद्दवाढीला भोवतालची गावं कित्येक वर्षं विरोध करतायत. शहरातले लोक म्हणतात, गावाला प्रगती नको. अरे, प्रगती कुणाला नको? पण नांगरट चालू असलेल्या रानाला शहर म्हणायचं आणि शेतीची योजना काढून घ्यायची, ही कसली प्रगती?

मग करायचं काय? हे होण्यासारखं नाही असं मला साहेब लोक सांगतात. पण सरकारनं स्वतःच हे करून दाखवलंय. दोन दाखले देतो.

पहिला दाखला पीएम किसानचा. तिथं शहरी-ग्रामीण भेदच नाही. जमीन नगरपालिकेच्या हद्दीत असली तरी चालते, प्रत्यक्ष लागवडीखाली पाहिजे. मला हप्ता येतो, नगरपंचायत झाल्यावरही येतो. पीक कर्जालाही कुणी पाटी विचारत नाही. पीक विमा महसूल मंडळावर चालतो, तिथंही नाही. म्हणजे केंद्र सरकार मला शेतकरी म्हणून पैसे पाठवतं, आणि विहीर मागायला गेलो की तेच म्हणतं तू शहरी. एकाच सातबाऱ्याचे हे दोन अर्थ.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्राचा. देशात रोजगार हमी यायच्या आधी ती आपल्याकडं होती. 1972 च्या दुष्काळात सुरू झाली, वि. स. पागे यांनी मांडलेली, 1977 ला तिचा कायदा झाला. ती योजना खेड्यांबरोबर 'क' वर्ग नगरपालिकांच्या हद्दीतही चालायची. तेव्हाच्या लोकांना कळत होतं की लहान नगराच्या कडेला मजूर आणि माळ दोन्ही असतात. आमच्या वडलांनी त्या कामावर खडी फोडली आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारला जे कळलं ते आता उपग्रहातनं शेताचा फोटो घेणाऱ्या सरकारला कळत नाही?

म्हणून माझ्या मागण्या. तीनच आहेत, साध्या आहेत.

एक. शेतीच्या कुठल्याही योजनेची पात्रता गट नंबरवर ठरवा. ई-पीक पाहणी 2021 पासून चालू आहे. शेतकरी रानात उभा राहून फोटो काढतो, जागेची नोंद जाते. लागोपाठ तीन वर्षं त्या गटात पीक दिसतंय ना, मग तो गट शेतीचा. पाटी कुणाचीही असो.

दोन. लहान नगरपंचायतींच्या वाड्या-वस्त्यांना रोजगार हमी लागू करा, जशी आपण 'क' वर्ग नगरपालिकांना केली होती. पुढं योजनेचं नाव बदलेल, कामाचे दिवस वाढतील, पण हद्दीची व्याख्या तीच ठेवली तर आक्काला त्या दिवसांचा काय उपयोग?

तीन. गावाचं नगर करताना गावठाण आणि पेठेभोवती रेघ ओढा, शिवाराभोवती नको. 74 व्या घटनादुरुस्तीत नगरपंचायत म्हणजे गावाकडनं शहराकडं निघालेलं क्षेत्र असं म्हटलंय, आणि ठरवताना लोकसंख्या, घनता, स्थानिक उत्पन्न, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व बघायचं म्हटलंय. तालुक्याचं ठिकाण आहे म्हणून सरसकट करा असं त्यात कुठं आहे?

ज्यांची गावं अजून ग्रामपंचायत आहेत त्यांना एक सांगतो. अशी प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा हरकतीला 30 दिवसांची मुदत असते. आमच्याकडं ती मुदत मिरवणुकीत गेली. तुम्ही नकाशा मागा, आपला गट आत आहे की बाहेर बघा, आणि लेखी हरकत देऊन पोच घ्या. तोंडी बोललेलं कुणाच्या फाईलला लागत नाही.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले बरेच जण हे पान वाचतात. तुम्हाला एक विनंती. तुमच्या तालुक्यात नगरपंचायत हद्दीत लागवडीखाली क्षेत्र किती आहे, हा आकडा ई-पीक पाहणीतनं निघतो. तो काढा आणि वर पाठवा. आम्ही ओरडलो तर राजकारण म्हणतात, तुम्ही आकडा दिलात तर प्रस्ताव म्हणतील.

संध्याकाळी मोटर परत चालू केली, पन्नास मिनिटं चालली. वरची दोन वाफे राहिली. उद्या आधी तीच भिजवणार.